उतारवयांतील घरपालट

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांत नांदूरघाट हें गांव आहे. बालाघाटच्या पठाराचा हा मुलूख. जमीन बरीचशी कोरडवाहू आणि पाऊस बेभरंवशाचा. दिवाळी आटोपते न आटोपते तोंच या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेलीं नवराबायकोचीं जोडपीं, ज्यांना तिकडे ‘कोयता’ असेंच म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांची वाट धरतात. आणि गांवांत उरतात तीं म्हातारीं माणसें व त्यांच्या हवालीं केलेलीं नातवंडें. हें झालें एक स्थलांतर. दुसरें स्थलांतर इतकें डोळ्यांत भरत नाहीं. तें शाळेच्या दाखल्यापासून सुरू होतें. अंबाजोगाईस किंवा लातुरास शिक्षण, मग पुण्यास नोकरी, आणि कधीं कधीं तेथून परदेश. कोयता घेऊन गेलेला मुलगा उन्हाळ्यांत परत येतो. पदवी घेऊन गेलेला मुलगा बहुधा सणावारींच येतो. पंधरावीस वर्षें लोटलीं म्हणजे या दुसऱ्या मुलाच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो, आणि तो सहसा रात्रीं, गांवाकडून आलेल्या एखाद्या फोनानंतर उभा राहतो. आईवडिलांना आतां एकटें राहूं द्यावें कीं नाहीं?

या प्रश्नाचीं उत्तरें तीनच. त्यांनीं गांवींच राहावें. मुलाच्या बिऱ्हाडीं जावें. किंवा ज्येष्ठांसाठीं चालविलेल्या एखाद्या निवासांत राहावयास जावें. पहिलीं दोन उत्तरें परिचयाचीं आहेत. तिसऱ्याचें नांव काढणेंदेखील शिकलेल्या घरांतून अवघड होऊन बसतें. ‘वृद्धाश्रम’ हा शब्द कोणी उच्चारला तर वडील गप्प होतात, आईचे डोळे भरून येतात, आणि बोलणाऱ्या मुलास आपण कांहीं अपराध केला असें वाटूं लागतें. मग विषय मिटतो, आणि पुढें केव्हांतरी रुग्णालयाच्या व्हरांड्यांत, घाईघाईनें, ज्यांच्याविषयीं तो आहे त्यांना न विचारतांच निकालांत निघतो.

वास्तविक उतारवयांत घर सोडणें ही कल्पना आपल्या समाजाला परकी नाहीं. चार आश्रमांपैकीं तिसरा, वानप्रस्थ, हा घर सोडण्याचाच आश्रम. काशीवासाची ओढ तर सर्व देशभर होती. महाराष्ट्रांतही पंढरपूर, आळंदी, पैठण, नाशिक या क्षेत्रीं शेवटचे दिवस काढण्यास जाणारीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या होतीं. त्यांच्या मुलांना कोणी नांवें ठेवलीं नाहींत. हा फरक कशामुळें पडला, हें पाहण्यासाठीं दूर जावयास नको. मराठी क्रियापदेंच तें सांगतात. क्षेत्रवासाला म्हातारा ‘गेला’ असें लोक म्हणत. वृद्धाश्रमांत त्याला ‘ठेवला’ असें म्हणतात. जाणारा मनुष्य कर्ता असतो. ठेवण्याची वस्तु असते. आईवडिलांच्या घरपालटाचा सारा प्रश्न या दोन क्रियापदांच्या मधल्या अंतरांत आहे, आणि मुलांनीं जी कांहीं मदत करावयाची ती हें अंतर तोडण्याची.

‘ठेवणें’ या शब्दाला चिकटलेली लाज अगदींच निराधार नाहीं. आपल्याकडील या संस्थांचा आरंभच अनाथ-अपंगांच्या सोयीसाठीं झाला. पुण्यांत डेव्हिड ससून यांच्या नांवानें १८६३ सालीं निघालेलें अनाथ पंगुगृह हें यांतील फार जुनें उदाहरण; नव्या पेठेंतील ‘निवारा’ हें त्याचेंच आजचें रूप. महाराष्ट्र सरकारनें १९६३ सालीं वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना आंखली, तीही निराधार व निराश्रित वृद्धांसाठींच. १९९५ सालीं ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना निघाली. पुढें पाषाण, बावधन अशा पुण्याच्या भागांत ‘अथश्री’सारख्या, स्वतःच्या पैशानें स्वतंत्र घर घेऊन राहणाऱ्या ज्येष्ठांच्या वसाहती उभ्या राहिल्या, पण शब्द मागेंच राहिला. रंगभूमीनेंही तो पुसला नाहीं. १९७० सालीं रंगमंचावर आलेल्या शिरवाडकरांच्या ‘नटसम्राटा’नें मुलांना सर्व देऊन टाकणाऱ्या बापाची परवड दाखविली, आणि जयवंत दळवींच्या ‘संध्याछाये’नें मुलें दूर असलेल्या जोडप्याचा एकांत. मध्यमवर्गीय मराठी मनांत म्हातारपणाचें जें चित्र आहे तें बरेंचसें या दोन नाटकांनीं रंगविलेलें आहे. दोहोंतही म्हाताऱ्यांना जावेंसें वाटेल असें तिसरें घर नाहीं.

आतां नांदूरघाटसारख्या गांवांतील एखादें घर डोळ्यांसमोर आणावें. वडील पंच्याहत्तरीच्या आसपास, आई सत्तरीची. चार एकर जमीन बटाईनें दिलेली, दारीं एक गाय आणि तिचें वासरूं. मुलगा पुण्यास, मुलगी लातुरास. मुलगा दिवाळीला दोन दिवस येतो. हे दोन दिवस तो कांहींच बोलत नाहीं, आणि निघण्याच्या आदल्या रात्रीं, सामान भरतां भरतां म्हणतो, “दादा, तुम्ही आणि आई आतां पुण्याला चला. एकटं राहणं बरं नाही.” वडील थोडा वेळ थांबून म्हणतात, “अन् ढोरांचं कोण बघणार?” मुलगा हें ऐकून मनांतल्या मनांत हंसतो. एका गायीसाठीं माणूस औषधपाण्याची आबाळ करून घेतो, असें त्याला वाटतें. तो गाय विकण्याचा हिशेब मांडूं लागतो, आणि संभाषण तेथेंच खुंटतें.

मुलाला जी सबब वाटली तें वस्तुतः पूर्ण उत्तर होतें. ती गाय म्हणजे वडिलांची पहांट आहे. तिच्यासाठीं उठावयाचें, वैरण टाकावयाची, धार काढावयाची, दूध घालावयाला जावयाचें. त्या वाटेवर चार माणसें भेटतात, पावसापाण्याचें बोलणें होतें, कोणाच्या सोयरिकींत काय सल्ला द्यावा हें विचारलें जातें. पुण्याच्या चौथ्या मजल्यावर त्यांना औषध वेळेवर मिळेल यांत शंका नाहीं. पण तेथें त्यांना कोण काय विचारणार? वडील ज्याचा शोध घेत होते तें या प्रश्नाचें उत्तर. मुलानें हिशेब दिला गायीच्या किंमतीचा.

या गोष्टीला प्रयोगाचाही आधार आहे. १९७६ सालीं अमेरिकेंतील एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञ विदुषींनीं कनेक्टिकट राज्यांतील एका वृद्धगृहांत दोन मजल्यांवरील रहिवाशांना दोन निराळ्या रीतींनीं वागविलें. एका मजल्यावर सांगितलें कीं, आपली खोली कशी लावावी, वेळ कसा घालवावा हें तुम्हींच ठरवावें; प्रत्येकास एकेक रोप हवें असल्यास निवडूं दिलें, आणि त्याची निगा ज्याची त्यानें राखावयाची असें ठरलें. दुसऱ्या मजल्यावरही रोपें दिलींच, परंतु त्यांना पाणी घालणार परिचारिका. आणि सांगण्याचा सूर असा कीं, तुमच्या सुखाची जबाबदारी आमची. दोन्हीकडे अन्न तेंच, औषध तेंच. तीन आठवड्यांनीं पाहिलें तों पहिल्या मजल्यावरील माणसें अधिक तरतरीत, अधिक आनंदी व एकमेकांत अधिक मिसळणारीं आढळलीं. गायीच्या जागीं कुंडींतील रोप, एवढाच काय तो फरक.

त्याच वर्षीं रिचर्ड शुल्झ या संशोधकानें अशाच एका ठिकाणीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वृद्धांच्या भेटीस पाठविलें. कांहीं वृद्धांना भेटीची वेळ स्वतः ठरविण्याची मुभा होती, कांहींना ती आधीं कळत असे, आणि कांहींकडे विद्यार्थी मनास येईल तेव्हां जात. ज्यांना भेट ठरवितां येई किंवा तिची आधीं कल्पना असे, त्यांची प्रकृति व उमेद सुधारली. पण खरा धडा पुढें आहे. प्रयोग संपला, विद्यार्थी येईनासे झाले. आणि नंतरच्या पाहणींत असें दिसलें कीं, ज्यांचें भेटींनीं अधिक भलें झालें होतें तींच माणसें नंतर अधिक खालावलीं. हे प्रयोग लहान, माणसें परदेशचीं. त्यांवरून मोठा सिद्धांत उभारूं नये हें खरें. तरी ‘दर रविवारीं येईन’ असें भरल्या मनानें सांगून तिसऱ्या महिन्यापासून फोनावर भागविणाऱ्या मुलामुलींनीं दुसरा प्रयोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. महिन्यांतून एकदांच जमत असेल तर महिन्यांतून एकदांच सांगावें, आणि तें पाळावें.

विचारण्याची वेळ कोणती, याबद्दल अनुभवी माणसांत दुमत नाहीं. हातपाय चालते असतांना. खुब्याचें हाड मोडल्यावर, किंवा दोघांपैकीं एकजण गेल्यावर तेराव्याच्या दिवशीं जो निर्णय होतो, त्याला निर्णय म्हणणेंच कठीण. विसरण्याचा आजार जडलेल्या माणसाच्या बाबतींत तर हें फारच जपावें लागतें. ज्या घरांत अंधारांतही न्हाणीघराची वाट पायांना ठाऊक होती, तें एकाएकीं सुटलें म्हणजे उरलीसुरली खूणही हरपते. म्हणून पहिलें बोलणें अशा दिवशीं व्हावें कीं त्या दिवशीं कांहींच ठरवावयाचें नसेल. शेंगा फोडतांना, किंवा ओट्यावर बसल्या बसल्या. विषय जागेचा काढूं नये, दिवसाचा काढावा. सकाळीं काय जड जातें, रात्रीं कशाची धास्ती वाटते, आजारीं पडल्यास प्रथम कोणाला हांक मारणार, इतकें विचारलें तरी पुष्कळ कळतें.

आणि आईला वेगळें विचारावें. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण सबंध प्रकरणांत तिच्याइतकी उपयोगी दुसरी नाहीं. आपल्याकडे ‘आईवडिलांचें मत’ म्हणून जें समजलें जातें तें वडिलांचें मत असतें. गांवांतल्या घराशीं वडिलांचें नातें ओट्याचें आणि पाराचें. आईचें नातें चुलीचें, पाण्याच्या हंड्याचें आणि शेणाच्या पाटीचें. पन्नास वर्षें थापलेल्या भाकरीनंतर दुसऱ्या कोणीतरी वाढलेलें गरम ताट तिला नकोसें वाटेल असें गृहीत कां धरावें? कित्येक ठिकाणीं वडिलांपेक्षां आईच लवकर रुळते. भजनाला, हळदीकुंकवाला, नुसत्या गप्पांना तिला आयुष्यांत प्रथमच सवड मिळते. उलटही घडतें. शेजारणीवांचून एक दिवस न काढलेली बाई परक्या गांवीं मुकी होते. तें तिच्याच तोंडून ऐकलें पाहिजे, आणि नवऱ्यासमोर ती तें बोलणार नाहीं.

मुलीलाही या बोलण्यांत जागा हवी. लेकीच्या घरचें पाणीसुद्धां पिऊं नये अशी समजूत असलेलीं माणसें मराठवाड्यांत अजून आहेत, आणि त्या समजुतीच्या आडोशानें मुलींचें मत विचारलेंच जात नाहीं. आईवडिलांच्या चरितार्थाविषयींचा २००७ चा केंद्रीय कायदा मात्र मुलगा आणि मुलगी यांत भेद करीत नाहीं; जबाबदारी दोघांवरही सारखीच.

मुलाच्या बिऱ्हाडीं जाणें हें दुसरें उत्तर सर्वांत अब्रूचें समजलें जातें, आणि म्हणूनच तें फारसें तपासलें जात नाहीं. सकाळीं आठाला मुलगा, सून, नातवंडें बाहेर पडतात. संध्याकाळीं सात वाजेपर्यंत दार लावलेलें. समोरच्या घराचेंही दार लावलेलें. लिफ्टमध्यें भेटणारा मनुष्य मराठवाडी बोलीवर हंसतो किंवा हिंदींत बोलतो. म्हाताऱ्यांना काम काय, तर पार्सल घेणें आणि गॅस बंद आहे ना हें पाहणें. सुनेची अडचण कोणी बोलून दाखवीत नाहीं. नोकरी संभाळून दोन म्हाताऱ्या जीवांची शुश्रूषा बहुतेक तिच्याच अंगावर पडते, आणि तिला विचारण्याची पद्धत तर नाहींच. ज्या घरांत माणसें आहेत, वेळ आहे आणि परस्परांचा लोभ आहे, तेथें याहून उत्तम व्यवस्था कोणती? पण ज्या घरांत भिंतीच आहेत, त्या घरापेक्षां समवयस्कांचें निवास कमी मायेचें असतें असें म्हणतां येत नाहीं. हें बोलण्यास कडू वाटतें. तरी तसें आहे.

निवासाचा विचार पुढें सरकलाच तर तो पाहण्यास मुलांनीं आधीं एकट्यानें जाऊन पसंती करून येऊं नये. प्रथमपासून आईवडिलांनींच जावें, आणि जेवणाच्या वेळीं जावें. बीडच्या माणसाला ज्वारीची भाकरी रोज मिळणार आहे कीं आठवड्यांतून एकदां, ही चौकशी बागेंतील कारंजापेक्षां महत्त्वाची. शौचकूपांत धरावयास कठडा आहे का, फरशी निसरडी आहे का, रात्रीं दोन वाजतां कोणी कण्हूं लागल्यास कोण उठतें, हें पाहावें. महाराष्ट्राच्या स्थावर संपदा प्राधिकरणानें, म्हणजे महारेरानें, २०२४ सालीं ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठीं नमुनेदार दंडक घालून दिले. चाकांची खुर्ची जाईल एवढीं, निदान ९०० मिलिमीटर रुंदीचीं दारें, एकाहून अधिक मजले असल्यास लिफ्ट, पायऱ्यांऐवजीं उतार, न्हाणीघरांत आधाराचे दांडे, अशा गोष्टी त्यांत आल्या आहेत. घर विकत घ्यावयाचें असेल तर विक्रीच्या करारांत हें सर्व उतरलें आहे कीं नाहीं, हें बघून घ्यावें.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र जाहिरातींत नसतो. अनेक निवासांत प्रवेश मिळतो तो हिंडत्याफिरत्या माणसालाच. पुढें तो अंथरुणाला खिळला तर काय? कांहीं संस्था त्यास घरीं परत नेण्यास सांगतात, कांहीं निराळा आकार घेऊन शुश्रूषा करतात. दोघांपैकीं एकटाच उरल्यास खोली बदलावी लागते का, अनामत रक्कम कोणाला व किती परत मिळते, मासिक खर्च दरवर्षीं किती वाढतो, हेंही लेखी घ्यावें. हें विचारतांना संकोच होतो खरा. परंतु जी संस्था या प्रश्नांनीं रागावते तिची परीक्षा तेथेंच झाली. शक्य असल्यास आधीं एक महिना राहून पाहावें. गांवचें घर उघडें, गाय शेजाऱ्याकडे, आणि महिन्यानंतर परत जाण्याचें तिकीट अगोदर काढलेलें. परत फिरण्याची वाट मोकळी असली म्हणजेच मनुष्य पुढची वाट मोकळेपणानें पाहतो.

घर आणि जमीन यांचें काय करावें, यावर एकच सांगणें. आईवडील हयात असेपर्यंत सातबारावरचें त्यांचें नांव हलवूं नये. पुण्याच्या खोलीसाठीं जमीन विकावी लागणारच असेल, तर तो पैसा त्यांच्याच खात्यांत राहावा. मायेपोटीं बक्षीसपत्र करून देणारे आईबाप पुष्कळ. त्यांच्या रक्षणासाठीं २००७ च्या कायद्यांत कलम २३ घातलें आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाहीं, तर ती देवघेव रद्द ठरवितां येते. २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, अशी अट घातली होती हें सिद्ध झालें पाहिजे. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या एका निकालांत या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताचा, म्हणजे उदारपणें, लावावा असें त्याच न्यायालयानें म्हटलें. निकालांची ही ओढाताण पाहतां, द्यावयाचेंच असेल तर अट दस्तांत स्पष्ट लिहून घेणें शहाणपणाचें. याच कायद्यानें उपविभागाच्या पातळीवर न्यायाधिकरणें नेमलीं. चरितार्थाची रक्कम दरमहा कमाल १०,००० रुपये. आणि वृद्धांना वाऱ्यावर सोडून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्यानें माया निर्माण होत नाहीं हें सांगण्यास कायदेपंडित नको. पण सातबारावर नांव असलेल्या बापाला घरांत विचारलें जातें, हेंही कोणी सांगावयास नको.

हें सर्व ज्यांच्याजवळ निवड करण्याइतका पैसा आहे त्यांच्यापुरतें झालें. कोयता घेऊन जाणाऱ्यांच्या आईबापांना हा प्रश्नच पडत नाहीं. टोळी गेल्यावर मागें राहिलेल्या मुलांसाठीं सरकारनें हंगामी वसतिगृहांची सोय काढली. त्या मुलांना रात्रीं जवळ घेऊन निजणारीं आजी-आजोबा मात्र त्या पांच-सहा महिन्यांत स्वतः कोणाच्या भरंवशावर असतात, याचा विचार योजनांच्या कागदांवर क्वचितच दिसतो. ज्यांना म्हातारपणीं सांभाळावयाचें तींच माणसें घर सांभाळीत असतात. त्यांना आधार श्रावणबाळ योजनेचा. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये झाली. आईबापांची कावड वाहणाऱ्या मुलाचें नांव सरकारनें आपल्या निवृत्तिवेतनाला द्यावें, यांत अभावितपणें पुष्कळ अर्थ आला आहे. २००७ च्या कायद्यानें प्रत्येक जिल्ह्यांत निदान १५० निर्धन वृद्धांची सोय होईल असें निवास काढण्याची मुभा राज्य सरकारांना दिली. मुभा दिली, सक्ती केली नाहीं.

राहिलें पहिलें उत्तर, गांवींच राहण्याचें. तें नाकारलेलें उत्तर म्हणून कोणी खालीं ठेवूं नये. डेन्मार्कसारख्या संपन्न देशानें १९८७ च्या कायद्यानें जुन्या धर्तीचीं नवीं वृद्धगृहें बांधणें थांबविलें आणि म्हाताऱ्यांना त्यांच्या राहत्या घरीं किंवा सोयीच्या लहान घरीं मदत पोंचविण्याकडे पैसा वळविला. बीड जिल्ह्यांत तेवढी यंत्रणा नाहीं, पण अगदींच ओसाडही नाहीं. केजकडून अंबाजोगाईस जातांना वाटेंत लोखंडी सावरगांव लागतें. तेथें वृद्धत्वाच्या व मानसिक आजारांसाठीं सरकारनें मोठें केंद्र बांधलें. २०२० च्या साथींत तें कोविडचें रुग्णालय म्हणून वापरावें लागलें. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहेच. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी.चा प्रवास राज्यांत मोफत झाला, पासष्टी ओलांडलेल्यांना अर्ध्या तिकिटांत. तेव्हां लेकीकडे, लेकाकडे किंवा दवाखान्यांत जाण्यास म्हाताऱ्यांना कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं. पुण्यांतील मुलगा निवासासाठीं जेवढा खर्च करावयास तयार असतो, त्याच्या एका हिश्शांत गांवांतील एखाद्या बाईला दोन वेळ स्वयंपाकाला व रात्रीं सोबतीला ठेवतां येतें, न्हाणींत कठडा बसवितां येतो, शौचकूप घराला लागून बांधतां येतो. मात्र अशी व्यवस्था पाहण्यास गांवांत कोणी एक जबाबदार माणूस हवा, आणि त्याला नुसती गळ न घालतां मोबदला दिला पाहिजे. भावकींतल्या पुतण्याला फुकटांत राबविण्याचा प्रघात वर्ष-दोन वर्षें चालतो. नंतर तो पुतण्याही पुण्यास जातो.

शेवटीं एक गोष्ट, जी घरांत कोणी काढीत नाहीं आणि आईवडिलांच्या मनांत मात्र सर्वांत वर असते. गांव सोडण्याची खरी भीति जगण्याची नसते. आपली माती कोठें होणार, ही असते. नांदूरघाटाहून पुण्यास निघालेल्या म्हाताऱ्याला हें स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं, कांहीं बरेंवाईट झालें तर तुम्हांला गांवीं आणलें जाईल, दहावा गांवींच होईल. त्यांची इच्छा निराळी असेल, देहदानाची किंवा पुण्यांतच सर्व उरकण्याची, तर तीही त्यांच्या तोंडून ऐकून घ्यावी आणि निवासाच्या कचेरींत लिहून ठेवावी. घराची किल्ली कोणापाशीं राहणार, देवाला दिवा कोण लावणार, वर्षांतून किती वेळां आणि कोणत्या सणाला परत यावयाचें, हें निघण्यापूर्वींच ठरवावें. गायीचेंही त्यांनींच ठरवावें. कोणाला द्यावी, विकावी कीं बटाईनें ठेवावी, हें त्या घरांत त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणाला कळत नाहीं.